डावीकडची जागा

"मग माझा रिव्हर्स राहिलाच की हो, काका!"

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली. तिच्या हातात पिळलेली चादर होती. खाली उभ्या असलेल्या काकांनी मान वर न करता नुसता हात हलवला, नंतर बोलू अशा अर्थाने, आणि पुन्हा आमच्याकडे वळले. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, कारण डॉक्टरांचे फक्त पाय तेव्हा गाडीबाहेर होते. बाकीचे डॉक्टर स्टिअरिंगच्या खाली, पेडलांपाशी होते. एका हातात पेनाएवढी बॅटरी, दुसऱ्या हातात दात बघायचा तो लांब दांडीचा छोटा गोल आरसा.

"हिचं वय लपवलंय," डॉक्टर आतून म्हणाले.

त्यांच्या मते ते पुटपुटले होते. पण डॉक्टरांना पुटपुटता येत नसे. काकांनी ते ऐकलं. त्यांच्या हातात गाडी पुसायचं पिवळं फडकं होतं. त्याची त्यांनी घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. गाडीच्या मालकाने काही न बोलता फडक्याच्या घड्या घालणं मला चांगलं लक्षण वाटलं नाही. मी गाडीतच, डावीकडच्या सीटवर बसले होते, आणि मला ती गाडी हवी होती.

डॉक्टर माझे घरमालक. कोथरूडमध्ये त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत असे. ते दातांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी दवाखान्यातलं सगळं सामान विकलं, खुर्ची मात्र विकली नाही. ती त्यांच्या हॉलमध्ये खिडकीपाशी होती, वरच्या दिव्यासकट. सकाळी ते तिच्यावर आडवे होऊन पेपर वाचत आणि पान उलटताना पायाने खटका दाबून थोडे वर किंवा खाली जात. राजकारणाला खाली, क्रीडा पानाला वर.

मी खोली बघायला गेले तेव्हा बाबा बाहेर काकूंशी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोशी, बोलत होते. हॉलमधल्या सोफ्यावर इस्त्रीचे कपडे पसरले होते, म्हणून डॉक्टर मला म्हणाले, "बसा तिथे." मी खुर्चीत बसले. त्यांनी सवयीने खटका दाबला आणि मी आडवी झाले. डोक्यावर तो दिवा.

"आ करायची गरज नाही," ते म्हणाले. "नाव, गाव आणि नोकरी, एवढंच सांगा."

मी नाव सांगितलं, नाशिक सांगितलं. नोकरीचं सांगायच्या आत त्यांनी मला पाण्याची वेळ, गच्चीची किल्ली, शेजारच्यांचं मांजर आणि माझ्या खालच्या जबड्यातला एक वाकडा दात, एवढ्या विषयांवर माहिती दिली होती. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'नाशिक' झाले. "काय नाशिक, वर पाणी येतंय ना? येतच असणार," म्हणायचे आणि निघून जायचे.

"चाळीस वर्षं यांनी लोकांच्या तोंडात हात घालून गप्पा मारल्या," काकू मला नंतर म्हणाल्या. "विचारायचं, आणि समोरचा आं-ऊं करतोय तोवर पुढचं बोलायचं. प्रश्नाला उत्तर असतं हे यांच्या गावीच नाही. तू मनावर घेऊ नकोस."

मनावर कसलं घेतेय, मला हायसं वाटलं होतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. लोक म्हणतात अशाने दोन्ही भाषा येतात. माझ्या बाबतीत दोन्ही भाषा उशिरा येतात. वाक्य मनात जुळेपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असतो. ज्याला उत्तर नकोच आहे असा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. आमचं छान जमलं.

गाडीचा विचार माझ्या याच स्वभावातून आला. आमचं ऑफिस वाघोलीला हललं. कोथरूडहून वाघोली म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मी टॅक्सीने जाऊ लागले. रोज संध्याकाळी आमच्या गल्लीच्या दोन गल्ल्या आधी ड्रायव्हर विचारायचा, "मॅडम, इथेच सोडू का?" आणि मी "हो" म्हणायचे. पाऊस असला तरी, हातात पिशव्या असल्या तरी. कोणी उतरा म्हटलं की मी उतरते. भिजत घरी येताना ठरवायचे, उद्या सांगायचं, 'नाही, पुढे घ्या'. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो". स्वतःची गाडी असली की कुठे थांबायचं हे कुणाला सांगावं लागणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. नवी परवडणार नव्हती. आणि जुनी गाडी घेणं हा तर नुसता बोलण्याचाच व्यवहार निघाला. विचारायचं, शंका घ्यायची, घासाघीस करायची, तोंडावर नाही म्हणायचं.

बाबा फोनवर म्हणाले, "तुमचे डॉक्टर बघतात ना गाड्या? त्यांना घेऊन जा. ते हो म्हणाले तर घे. नाही म्हणाले तर विषय बंद."

डॉक्टर गाड्या बघतात हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभं राहायचं. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना काही काम नव्हतं, आणि त्यांच्या मते या दोन्ही धंद्यांत फार फरक नव्हता.

"पेशंट म्हणतो, मी रोज दोनदा घासतो," ते सांगायचे. "गाडीवाला म्हणतो, मी फक्त रविवारी देवळात नेतो. मालकाचं ऐकायचंच नाही. आ करायला लावायचं आणि बघायचं."

त्यांनी स्वतः मात्र कधी गाडी घेतली नाही. जुन्या स्कूटरवर फिरायचे. का, असं मी काकूंना विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "यांच्या पसंतीला उतरेल अशी अजून कुणी विकायला काढली नाही."

त्यांची तपासणी ठरलेली होती. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, आपण तापलेल्या कपाळावर ठेवतो तसा. बॉनेट कोमट लागलं तर तिथूनच मागे फिरायचे. "आम्ही यायच्या आधी फिरवून आणलीत ना? झोपेतून उठल्यावर ती कशी खोकते तेच तर ऐकायचं होतं. उद्या येतो." मग बॉनेट उघडायला सांगायचे, तेही "आ" म्हणून. चारही टायरांवरची वर्षं वाचून सगळे दात एका वयाचे आहेत का ते पाहायचे. काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे पाहायचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचे आणि त्यावर बॅटरी मारून म्हणायचे, "जीभ साफ आहे." आणि शेवटी, सगळ्यात जास्त वेळ, पेडलं.

"मीटर मागे नेऊन देणारे गल्लोगल्ली बसलेत," ते म्हणायचे. "तासाभराचं काम. पण पेडलचं रबर पायाखाली झिजतं नाशिक, आणि झिजलेलं परत उगवत नाही. मीटर ही मालकाची बाजू. पेडल ही गाडीची."

मला एकच नियम होता. डावीकडे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "घेणाऱ्याचा चेहरा बघून किंमत वाढते. तुझा चेहरा तर फार प्रामाणिक आहे." मला हे अगदी सोयीचं होतं. हडपसर, पाषाण, सिंहगड रोड, सगळीकडे मी डावीकडच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले आणि त्यांना काम करताना पाहिलं.

वाघोलीची गाडी मला अजून आठवते. नगर रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने गाड्या उभ्या होत्या, सगळ्या चकचकीत. विकणारा मुलगा माझ्याच वयाचा. "मॅम, एकदम मक्खन गाडी आहे. सिंगल ओनर. डॉक्टर ड्रिव्हन."

"कोणते डॉक्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, ते... हार्टचे."

"मग हृदय उत्तम असेल," असं म्हणून ते आत बसले आणि डोळे मिटून वास घेऊ लागले. आत चंदनाचा दाट वास होता. "ब्रश न केलेला पेशंट येताना वेलची चघळून येतो," ते मला म्हणाले. "वास मारलाय म्हणजे वास आहे." मग खाली वाकले, आणि वाकल्यावाकल्या त्यांना हसू आलं. "नाशिक, इकडे बघ. स्टिअरिंग साठीतलं, सीट साठीतली, आणि पेडलं विशीतली. याला आम्ही काय म्हणतो?"

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "कवळी!"

"सर, कस्टमरसाठी नवीन बसवलीयत," तो मुलगा म्हणाला. "फ्री ऑफ कॉस्ट."

"छान केलंत. जुनी कुठायत?"

"जुनी? फेकली सर."

"मी दात काढला की पेशंटच्या हातात द्यायचो. तुम्ही पुरावा फेकलात." त्यांनी आरसा सीटखाली सरकवला. सीटच्या रुळांमध्ये, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही, तिथे वाळलेला बारीक गाळ बसला होता. डॉक्टर बाहेर आले, गुडघे झटकले. "हिला पोहता येतं हे जाहिरातीत लिहायला विसरलात."

परत येताना स्कूटरवर मी मागे बसून हेल्मेटच्या आत हसत होते. ती गाडी मी एकटी असते तर घेतली असती, हे मला नक्की माहीत होतं. तो मुलगा इतकं चांगलं बोलत होता.

त्यांचा आणखी एक प्रसंग सांगते, नाहीतर डॉक्टर नुसते खवचट होते असं वाटेल. आमच्या गल्लीतल्या एकाने घाईघाईत गाडी घेऊन टाकली आणि मग त्यांना बघायला बोलावलं. शेजारी बायको, तिच्या कडेवर तान्हं बाळ. डॉक्टरांनी नेहमीसारखं सगळं पाहिलं. पेडलांपाशी बराच वेळ थांबले. बाहेर येऊन म्हणाले, "छान आहे. ब्रेक तेवढे महिन्याभरात बघून घ्या." ती दोघं खूश होऊन पेढे आणायला आत गेली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दात काढून झाल्यावर काढायला हवा होता का, याची चर्चा करायची नसते." पुढच्या रविवारी ते स्वतः त्या माणसाला घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि ब्रेक बदलून होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले.

असे हे डॉक्टर. आणि त्यांनी माझ्यासाठी पाहिलेली प्रत्येक गाडी नापास केलेली होती. पावसाळा संपला, दिवाळी झाली, मी अजून दोन गल्ल्या आधीच उतरत होते. डॉक्टरांना नापास करण्यातच गोडी लागली आहे की काय, अशी शंका मला यायला लागली होती. शंका अर्थात मनातच.

अशात येरवड्याची गाडी आली. फिकट राखाडी, छोटी, आठ वर्षांची, आणि मीटरवर इतके थोडे किलोमीटर की मी जाहिरात दोनदा वाचली. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. घरात बुद्धाची मोठी तसबीर, तिच्या शेजारी दोन मुलींचे पदवी घेतानाचे फोटो. त्यांनी आधी चहा दिला, मग किल्ली. डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला. गार. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. बॉनेट उघडलं, आत स्वच्छ. सीटबेल्ट स्वच्छ. डॉक्टर गुणगुणायला लागले. त्यांना गुणगुणताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी डावीकडे बसले, आणि ऑफिसला जायच्या रस्त्यावर मी ही गाडी चालवते आहे, असं मला स्पष्ट दिसलं.

मग ते पेडलांपाशी वाकले आणि गुणगुणणं थांबलं.

क्लचचं रबर साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं. ब्रेकचंही तसंच. स्टिअरिंग हाताच्या जागी चमकत होतं. टायर पाहिले तेव्हा कडा जास्त झिजल्या होत्या. मीटर आणि पेडल यांचा काही केल्या मेळ बसेना. त्याच वेळी वरून त्या बाईचा रिव्हर्सचा आवाज आला आणि खालून डॉक्टरांचं ते वाक्य.

मी मान खाली घातली. आणि मान खाली घातल्यामुळे मला ते दिसलं.

माझ्या पायाखालच्या मॅटला भोक होतं. दोन्ही पाय टेकतात तिथे नव्हे. पुढे, जिथे जमीन वर चढते तिथे, फक्त उजव्या पावलाच्या जागी. मॅट आरपार फाटली होती आणि खालचं कार्पेटही घासून पातळ झालं होतं. डावीकडे बसणाऱ्याला तिथे पाय रोवायचं काही कारण नसतं. तिथे काहीच नसतं. पण नाशिकला मी गाडी शिकत होते तेव्हा बाबा माझ्या डावीकडे बसायचे आणि समोर म्हैस आली, रिक्षा आली, नुसतं वळण आलं, तरी उजवा पाय जमिनीत दाबायचे. नसलेला ब्रेक. घरी आल्यावर आई त्यांच्या पोटरीला तेल लावायची.

मी मागे वळून पाहिलं. मागच्या काचेवर ऊन पडलं होतं, आणि तिथे एका काढून टाकलेल्या स्टिकरचा पुसट आकार राहिला होता. एक उभी रेघ, एक आडवी. एल.

ही गाडी फिरलेली नव्हतीच. ही गाडी शिकवत होती. पहिला गिअर, दुसरा गिअर, थांब, पुन्हा पहिला. छोट्याशा जागेत गोल गोल. पेडलही खरं होतं आणि मीटरही खरं होतं. माझ्या डोक्यात हे सगळं आधी इंग्रजीत तयार झालं, मग त्याचं मराठी सुरू झालं, आणि बाहेर मात्र गोष्टी फार वेगाने चालल्या होत्या.

"रीडिंग ओरिजिनल आहे?" डॉक्टर कंबर सरळ करत विचारत होते.

"आहे ना. त्याचं असं आहे, साहेब..."

"मग पाय कोणाचे? हत्तीचे?"

"अहो, तेच सांगतोय. आमच्या मुली..."

"मुलींना कशाला मध्ये आणता? घेताना तुम्हालाच कुणी फसवलं असेल. सरकारी माणसाला फसवणं सोपं."

"मी नवी घेतलीय. शोरूममधून."

"सगळेच नवी घेतात," डॉक्टर म्हणाले आणि आरसा रुमालाने पुसून खिशात ठेवला.

काकांचा चेहरा बदलला नाही. आवाज फक्त थोडा खाली आला. "साहेब, आपण चहा घेतलात, आनंद वाटला. गाडी मला द्यायची नाही तुम्हाला."

"आम्हालाही घ्यायची नाही."

"नोकरीभर सहीच्या टेबलावर बसलो. कुणी बोट दाखवलं नाही. आता एका रबरावरून ते ऐकून घ्यायला मी बांधील नाही." त्यांनी भिंतीशी ठेवलेलं गाडीचं कव्हर उचललं आणि मागच्या बाजूने घालायला सुरुवात केली. काचेवरचा तो एल कव्हरखाली गेला. मग मागचं दार. कव्हर माझ्या दिशेने येत होतं.

"चल नाशिक," डॉक्टर म्हणाले. स्कूटरची किल्ली त्यांच्या बोटाभोवती फिरत होती.

काका माझ्या उघड्या दारापाशी येऊन थांबले. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. उलट फार अदबीने म्हणाले, "मॅडम, उतरता का?"

त्यावर मी जे म्हणाले ते लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधी पुढचं सांगून टाकते.

डॉक्टर डावीकडच्या सीटवर बसले. कुरकुरत, गुडघे दुमडून, दार उघडं ठेवून. मॅट दाखवायला मला बोट करावं लागलं नाही. त्यांचा उजवा पाय आपोआप त्या भोकात जाऊन बसला. त्यांनी खाली पाहिलं. मग पाय उचलून पुन्हा ठेवला. मी कव्हर मागून वर केलं आणि तो एल दाखवला. मग त्यांनी काकांना विचारलं, "किती जणींना शिकवलंत?"

आणि गप्प राहिले. उत्तराची वाट बघत. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही क्वचितच पाहिलं.

"मोजल्या नाहीत," काका म्हणाले. "आधी दोघी मुली. क्लासला घातल्या होत्या, पण तिथला माणूस ओरडायचा त्यांच्यावर. म्हटलं मीच शिकवतो. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या. मग आमच्या कॉलनीतल्या बायका. आता या," त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. "मागच्या मैदानात संध्याकाळी. या गाडीने तिसरा गिअर फारसा पाहिलेलाच नाही, साहेब. क्लच प्लेट संपत आलीय. ते मी आधीच सांगणार होतो, तेवढे पैसे कमी धरणार होतो. आपण बोलूच दिलं नाहीत."

"सवय आहे," डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून, "वाईट."

माझ्या माहितीत ही त्यांनी मागितलेली एकमेव माफी. काकांनी ती घेतली. फडक्याची घडी मोडून त्यांनी उगाचच गाडीचा आरसा पुसला.

गाडी माझी झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, किलोमीटर जुळले. बाबा फोनवर तीनदा म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाले ना? नक्की?" क्लच बदलून घेतला. काकांची एकच अट होती, की गॅलरीतल्या ताईंचा रिव्हर्स पूर्ण झाल्याशिवाय ते किल्ली देणार नाहीत. पुढच्या शनिवारी आम्ही घ्यायला गेलो तेव्हा ताई शेवटचा रिव्हर्स घेत होत्या आणि डॉक्टर मागे उभे राहून, "येऊ द्या, येऊ द्या, आ करा अजून," असं ओरडत होते. येऊ देता देता गाडी त्यांच्याच स्कूटरला टेकली. "लागलं का हो?" ताईंनी खिडकीतून घाबरून विचारलं. "स्कूटरला लागलं," डॉक्टर म्हणाले. "गाडी पास."

त्यानंतर ते कोणतीही गाडी बघायला गेले की आधी डावीकडे बसत. "डावी बाजू बघितल्याशिवाय गाडी कळत नाही," असं ते आलेल्या माणसाला ठामपणे सांगत. हे आपल्याला कुठून कळलं ते मात्र सांगत नसत. काकू माझ्याकडे बघून हसू दाबायच्या.

आता ते दोघं बंगळूरला मुलीकडे असतात. खुर्चीही गेली बरोबर, मुलीने डोक्याला हात लावला असणार. मध्येच कधीतरी डॉक्टरांचा फोन येतो. "काय नाशिक, क्लच काय म्हणतो? बरा असणार," म्हणतात आणि ठेवतात. मी मॅट बदललेली नाही. मागे बाबा नाशिकहून आले होते. वाघोलीच्या रस्त्यावर एक टँकर आडवा आला आणि बाबांचा उजवा पाय बरोबर त्या भोकात जाऊन बसला. मी हसले. "हसू नकोस, समोर बघ," बाबा म्हणाले.

तर तो क्षण. काकांचा हात कव्हरवर. डॉक्टर स्कूटरपाशी, पाठमोरे. गॅलरीतल्या ताई चादर वाळत घालायच्या थांबून खाली बघत होत्या. कोणी उतरा म्हटलं की मी उतरते. माझा एक पाय दाराबाहेर गेलाही होता. दुसरा त्या भोकात होता, आणि तो मला उचलावासा वाटेना. वाक्य अजून पूर्ण झालं नव्हतं. यावेळी मी ते पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ताई नंतर म्हणाल्या की तो वर त्यांच्यापर्यंत अगदी स्वच्छ आला.

"उतरते, काका," मी म्हणाले. "पण कव्हर घालू नका. माझ्या जागेवर आधी डॉक्टर बसतील."